मत खरेच बदलले काय? कर्मचाऱ्यांचा कौल आणि काय-वर्ग कसोटी

कर्मचाऱ्यांचा कौल घेतला जातो, वर्षभराने तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो आणि दोन्ही वेळच्या टक्केवारीत फरक दिसतो. संघटनेला त्यात कर्मचाऱ्यांचा वाढता असंतोष दिसतो, तर प्रशासनाला धोरणाचे यश. कागद एकच, आकडे तेच, निष्कर्ष मात्र परस्परविरोधी. या वादात एक मूलभूत प्रश्न बहुधा कोणी विचारतच नाही. हा फरक मत बदलल्यामुळे पडला, की दोन वेळा वेगवेगळ्या माणसांच्या हाती अर्ज गेल्यामुळे सहज पडला? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी संख्याशास्त्रात जे साधन सर्वाधिक वापरले जाते, ते म्हणजे काय-वर्ग कसोटी. नावातील ‘काय’ हे एक ग्रीक अक्षर आहे. मराठी वाचकाला ते प्रश्नार्थक सर्वनाम वाटले तरी फारसे बिघडत नाही, कारण कसोटीचे कामही प्रश्न विचारण्याचेच आहे.

ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी ही कसोटी १९०० मध्ये मांडली. पुढे १९२२ मध्ये रोनाल्ड फिशर यांनी तिच्या वापरातील एक महत्त्वाची चूक दुरुस्त केली; ती कशाबद्दलची होती, ते पुढे येईल. भारतात प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये कोलकात्यात भारतीय संख्याशास्त्र संस्था स्थापन केल्यावर या विद्येला घर मिळाले. महाराष्ट्राचाही त्यात वाटा आहे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे आणि व्ही. जी. पानसे यांचा कृषी संशोधकांसाठीचा संख्याशास्त्रावरील ग्रंथ १९५४ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने प्रसिद्ध केला आणि कृषी महाविद्यालयांतील अनेक पिढ्या त्यावर वाढल्या. शेतातील वाणांसाठी वापरली जाणारी ही कसोटी माणसांच्या मतांनाही लागू पडते, कारण दोन्हीकडे काम मोजणीचेच असते.

गोंदियाचे उदाहरण

कसोटी कशी चालते हे एका जिल्ह्याच्या चौकटीत पाहणे सोयीचे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. गोंदिया, गोरेगाव, तिरोडा, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव असे त्याचे आठ तालुके. भातगिरण्या, विडी उद्योग आणि तिरोड्याचा ३३०० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प ही येथील रोजगाराची ठळक ठिकाणे. पण छत्तीसगडच्या सीमेवरील गावांपर्यंत पसरलेला नोकरवर्ग म्हणजे जिल्हा परिषदेचे शिक्षक, ग्रामसेवक आणि आरोग्य कर्मचारी.

या वर्गाच्या जिव्हाळ्याचा विषय निवृत्तिवेतनाचा. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना नाही. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा देत १४ मार्च २०२३ पासून राज्यभरातील लाखो कर्मचारी संपावर गेले आणि आठवडाभराने संप मागे घेतला गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने एकीकृत निवृत्तिवेतन योजना मंजूर केली आणि पाठोपाठ राज्य मंत्रिमंडळानेही ती स्वीकारण्याचा निर्णय घेतला. पंचवीस वर्षे सेवा झालेल्यास अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन, असे तिचे आश्वासन आहे. पण जुन्या योजनेत कर्मचाऱ्याला स्वतःचे अंशदान भरावे लागत नव्हते, येथे ते भरावे लागते. म्हातारपणाच्या चार पैशांचा प्रश्न असल्याने या विषयावरील कौल ही नुसती उत्सुकतेची बाब उरत नाही. ‘कर्मचारी आता नव्या योजनेकडे वळत आहेत’ हे वाक्य खरे की खोटे, यावर पुढच्या वाटाघाटी अवलंबून असतात.

समजा, गोंदिया जिल्हा परिषदेतील २००५ नंतर सेवेत आलेल्या कर्मचाऱ्यांमधून चिठ्ठ्या काढून २०० जण निवडले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांना विचारले की, तुम्हाला कोणती योजना हवी? वर्षभराने, पुन्हा स्वतंत्रपणे चिठ्ठ्या काढून, दुसऱ्या २०० जणांना हाच प्रश्न विचारला. (हे आकडे केवळ आकडेमोड समजावी म्हणून घेतलेले आहेत, प्रत्यक्ष कौलाचे नव्हेत.) पहिल्या वेळी १५० जण जुन्या योजनेच्या बाजूने, ३० जण एकीकृत योजनेच्या बाजूने आणि २० जण अनिश्चित. दुसऱ्या वेळी हेच आकडे १३२, ५० आणि १८ असे आले. म्हणजे जुन्या योजनेचा पाठिंबा ७५ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर घसरला आणि एकीकृत योजनेचा १५ वरून २५ टक्क्यांवर गेला.

आकडेमोड

कसोटीची सुरुवात एका मुद्दाम धरलेल्या गृहीतकाने होते, ‘काहीही बदललेले नाही’. याला शून्य परिकल्पना म्हणतात. न्यायालय जसे आरोपीला पुरावा येईपर्यंत निर्दोष मानते, तशीच ही भूमिका. काहीच बदलले नसेल तर दोन्ही कौल एकत्र करून जे प्रमाण येईल, तेच दोन्ही वर्षी दिसायला हवे. दोन्ही मिळून जुन्या योजनेचे २८२, एकीकृत योजनेचे ८० आणि अनिश्चित ३८. दोन्ही नमुने सारख्याच आकाराचे असल्याने प्रत्येक वर्षाच्या वाट्याला १४१, ४० आणि १९ हे आकडे यायला हवे होते. यांना अपेक्षित वारंवारता म्हणतात.

आता प्रत्यक्ष आकडा आणि अपेक्षित आकडा यांतील फरक घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि त्याला अपेक्षित आकड्याने भागायचे. जुन्या योजनेसाठी फरक ९, वर्ग ८१, भागिले १४१ म्हणजे सुमारे ०.५७, आणि दोन वर्षांचे मिळून १.१५. एकीकृत योजनेसाठी फरक १०; वर्ग १००; भागिले ४० म्हणजे २.५, दोन वर्षांचे मिळून ५. अनिश्चितांसाठी फरक १; दोन वर्षांचे मिळून जेमतेम ०.११. एकूण बेरीज ६.२५ च्या आसपास. हाच काय-वर्गाचा आकडा.

तो मोठा की लहान हे ठरवायला स्वातंत्र्यमात्रा ठाऊक असावी लागते. तक्त्यातील बेरजा कायम ठेवून किती रकाने मोकळेपणाने भरता येतात, ती ही संख्या. फिशर यांनी १९२२ मध्ये जी दुरुस्ती केली ती नेमकी हिच्याविषयी होती. दोन ओळी आणि तीन स्तंभ असलेल्या या तक्त्यात ती २ येते. स्वातंत्र्यमात्रा २ असताना पाच टक्के पातळीवरील सीमारेषा ५.९९ आहे. आपला आकडा ती ओलांडतो. म्हणजे खरोखर काहीच बदललेले नसते, तर केवळ चिठ्ठ्यांच्या खेळामुळे एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरातून चारेक वेळाच दिसला असता.

या शेवटच्या वाक्याचा विपर्यास फार होतो. ‘मत बदलल्याची शक्यता ९६ टक्के’ असा त्याचा अर्थ नाही. कसोटी एवढेच सांगते की, ‘काही बदलले नाही’ हे गृहीतक या आकड्यांशी नीट जुळत नाही. पाच टक्क्यांची रेषा ही देखील सोयीने आखलेली आहे, ५.९ आणि ६.१ यांत सत्य आणि असत्य यांच्याइतके अंतर नसते.

तक्ता थोडा अधिक बारकाईने वाचला तर आणखी एक गोष्ट दिसते. ६.२५ पैकी ५ हा वाटा एकट्या एकीकृत योजनेच्या स्तंभाचा आहे. ‘जुन्या योजनेचा पाठिंबा कोसळला’ या मथळ्यापेक्षा ‘एकीकृत योजनेला नवे समर्थक मिळाले’ हे विधान या आकड्यांना अधिक धरून आहे.

टक्के तेच, निकाल वेगळा

वृत्तपत्रांत आणि संघटनांच्या पत्रकांत बहुधा टक्केच छापले जातात, मूळ संख्या नाही. काय-वर्ग कसोटीला टक्के चालत नाहीत. तिला माणसांची संख्या लागते. वरील कौल २०० ऐवजी १०० जणांचा असता आणि टक्के अगदी तेच आले असते, तर काय-वर्गाचा आकडा निम्मा, म्हणजे ३.१३ झाला असता आणि सीमारेषेच्या बराच खाली राहिला असता. उलट, प्रत्येक वेळी ८०० जणांना विचारले असते, तर तो २५ वर गेला असता. ७५ वरून ६६ टक्के ही घसरण एका कौलात नगण्य, दुसऱ्यात काठावरची आणि तिसऱ्यात निर्विवाद ठरते. म्हणून संख्या न देता छापलेल्या टक्केवारीवर वाद घालणे म्हणजे वजन न करता धानाचा भाव ठरवण्यासारखे आहे. त्याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागते. कौल पुरेसा मोठा असेल तर एखाद्या टक्क्याचा, व्यवहारात काहीही अर्थ नसलेला फरकही ‘सार्थ’ ठरू शकतो. बदल आहे की नाही हे कसोटी सांगते. तो महत्त्वाचा आहे की नाही हे माणसांनीच ठरवायचे.

माणसे बदलली की मते?

कसोटी पार पडली तरी एक मोठा धोका उरतो, आणि आकडेमोडीत तो दिसतही नाही. समजा, २००५ नंतरच्या पहिल्या दशकात लागलेल्या ज्येष्ठांपैकी ८० टक्के आणि अलीकडे लागलेल्या तरुणांपैकी ६० टक्के जुन्या योजनेच्या बाजूचे आहेत, आणि दोन्ही गटांचे मत वर्षभरात तसूभरही हललेले नाही. पहिल्या नमुन्यात १५० ज्येष्ठ आणि ५० तरुण आले, तर जुन्या योजनेचे १२० अधिक ३० असे १५० समर्थक दिसतील. दुसऱ्या नमुन्यात ६० ज्येष्ठ आणि १४० तरुण आले, तर ४८ अधिक ८४ असे १३२. हे तेच आपले ७५ आणि ६६ टक्के! एकाही माणसाने मत बदलले नाही, तरी कौल ‘बदलला’.

उदाहरण टोकाचे आहे, पण कल्पनेतले नाही. पवित्र पोर्टलमार्फत २०२४ मध्ये राज्यभर शिक्षणसेवकांची भरती झाली; आंतरजिल्हा बदल्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतील शिक्षकवर्गाची रचना हलत असते; निवृत्ती तर दर महिन्याची. पस्तीस वर्षांची सेवा समोर असलेल्या तरुणाचे गणित आणि पंधरा वर्षे उरलेल्या सहकाऱ्याचे गणित एक नसते. त्यामुळे सेवेच्या कालावधीनुसार गट पाडून प्रत्येक गटाची कसोटी स्वतंत्रपणे घेणे, ही किमान दक्षता होय.

दुसरी अट प्रत्येक उत्तर स्वतंत्र असण्याची. चिठ्ठ्यांची दगदग टाळण्यासाठी दोन-चार शाळासमूहांतील सगळ्या शिक्षकांचे अर्ज केंद्रप्रमुखांकरवी भरून घेतले, तर दोनशे अर्ज मिळतील, पण दोनशे स्वतंत्र मते मिळणार नाहीत. एकाच केंद्राच्या शिक्षण परिषदेत भेटणारे, एकाच गाडीने ये-जा करणारे शिक्षक आपसांत चर्चा करून एका मतावर आलेले असतात. अशा वेळी कसोटी फरकाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व देते. व्हॉट्सअ‍ॅप गटावरील कौलाची गत याहून वाईट. तेथे ज्याला बोलायचे आहे तोच मत देतो आणि कोणतीही कसोटी त्याची भरपाई करू शकत नाही.

प्रश्न आणि पर्यायही दोन्ही वेळी तेच हवेत. मार्च २०२३ च्या संपाच्या वेळी घेतलेला कौल आणि २०२५ चा कौल यांची तुलना करण्याचा मोह कोणालाही होईल. पण २०२३ मध्ये एकीकृत योजना हा पर्यायच नव्हता. जे ताटात वाढलेलेच नव्हते, ते कोणी खाल्ले नाही म्हणून नावडते ठरत नाही.

त्याच माणसांना पुन्हा विचारले तर

आतापर्यंतची मांडणी दोन वेळा वेगवेगळी माणसे निवडली, या गृहीतावर होती. प्रत्यक्षात कार्यालयांत बहुतेक वेळा त्याच कर्मचाऱ्यांना पुन्हा विचारले जाते, आणि नेमकी येथेच काय-वर्ग कसोटी सर्वाधिक चुकीच्या पद्धतीने वापरली जाते. एकाच माणसाची दोन उत्तरे परस्परांशी बांधलेली असतात; त्यांना दोन स्वतंत्र माणसे मानून चालत नाही.

अशा वेळी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ क्विन मॅकनेमार यांनी १९४७ मध्ये मांडलेली कसोटी वापरतात. तिची कल्पना फार सुटसुटीत आहे. ज्यांचे मत तेच राहिले त्यांना बाजूला ठेवायचे आणि फक्त बाजू बदललेल्यांची मोजदाद करायची. समजा, त्याच २०० जणांपैकी जुन्या योजनेचे समर्थक १५० वरून १३२ झाले. हे दोन प्रकारे घडू शकते. एका शक्यतेत २५ जणांनी जुनी योजना सोडली आणि ७ जण नव्याने तिच्याकडे आले. फरक १८, त्याचा वर्ग ३२४, भागिले बाजू बदललेल्यांची एकूण संख्या ३२, उत्तर १०.१, आणि सीमारेषा ३.८४. बदल स्पष्ट आहे. दुसऱ्या शक्यतेत ५८ जणांनी साथ सोडली आणि ४० जण नव्याने आले. फरक पुन्हा १८च. पण ३२४ भागिले ९८ म्हणजे ३.३. सीमारेषा ओलांडली जात नाही.

वरवर दोन्हींचे मथळे सारखेच छापले जातील. पण पहिल्या कार्यालयात मते ठाम असून वारा एका दिशेने वाहतो आहे. दुसऱ्यात जवळपास निम्म्या लोकांनी वर्षभरात मत फिरवले आहे. तेथे योजना नीट समजलेलीच नाही, असा संशय घेण्यास जागा आहे. वाटाघाटींना बसणाऱ्या कोणालाही हा भेद टक्केवारीपेक्षा अधिक मोलाचा वाटायला हवा.

नाव न लिहिता ओळख

अडचण अशी की, मॅकनेमारची कसोटी लावायची तर कोणाचे पहिले उत्तर कोणते आणि दुसरे कोणते हे जुळवावे लागते. आणि अर्जावर नाव लिहायला सांगितले की उत्तरच बदलते. बदली, वेतनवाढ आणि गोपनीय अहवाल ज्यांच्या हाती, त्यांच्याच कार्यालयात हा कागद जाणार असेल, तर सरळ उत्तराची अपेक्षा कशी करावी? त्यावर रूढ असलेला उपाय म्हणजे कर्मचाऱ्याने स्वतःच बनवलेला संकेतांक. आईच्या नावाची पहिली दोन अक्षरे आणि स्वतःच्या जन्मतारखेचा दिवस, अशासारखी खूण दोन्ही वेळी लिहायची. ती माणसाला आठवते, पण आस्थापना शाखेच्या नोंदीत सहज सापडत नाही.

प्रश्न याहून नाजूक असेल, तर स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ मध्ये सुचवलेल्या तंत्राचा आधार घेता येतो. त्याचे एक सोपे रूप असे आहे. कर्मचाऱ्याने कोणाला न दाखवता नाणे उडवायचे. छापा आला तर डोळे मिटून ‘होय’ लिहायचे, काटा आला तर खरे उत्तर लिहायचे. कोणाचा ‘होय’ नाण्याचा आणि कोणाचा मनातला, हे कोणालाच कळत नाही; पण दोनशेपैकी सुमारे शंभर ‘होय’ नाण्याचे असणार हे ठाऊक असल्याने उरलेल्यांवरून गटाचा कल काढता येतो. मात्र त्याची किंमत मोजावी लागते. तेवढ्याच खात्रीसाठी कितीतरी जास्त लोकांना विचारावे लागते.

विडी उद्योगात हा प्रश्न अधिकच तीव्र आहे. १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा आणि १९७६ चा कल्याण निधी कायदा यांच्या काळापासून हा कामगारवर्ग कागदावर मोजला जात आला. पण विड्या वळणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया, काम घरच्या ओसरीवर आणि मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. तेंदूपाने आणि तंबाखू देणारा, तयार विड्या मोजून घेणारा आणि खराब म्हणून काही बाजूला काढणारा एकच, म्हणजे कंत्राटदार. माल देण्याच्या जागी, त्याच्या देखत ‘मजुरीबद्दल समाधानी आहात का’ असे विचारले, तर दोन वर्षांच्या उत्तरांतील फरक मतातला की तेथे कोण उभा होता यातला, हे कोणताही काय-वर्ग सांगू शकणार नाही.

छोट्या रकान्यांचा प्रश्न

कौल हाती आला की त्याचे तालुकानिहाय, पदनिहाय, वयोगटनिहाय तुकडे करण्याची घाई होते. त्यात दोन सापळे आहेत. वीस प्रश्नांच्या पत्रिकेतील प्रत्येक प्रश्नाला पाच टक्के पातळीवर स्वतंत्रपणे कसोटी लावली, तर काहीही बदललेले नसतानाही किमान एक प्रश्न ‘बदललेला’ दिसण्याची शक्यता ६४ टक्के असते. तेवढाच एक प्रश्न उचलून पत्रक काढणे सोपे. म्हणून कोणता प्रश्न महत्त्वाचा हे आधीच लिहून ठेवावे, किंवा सीमारेषा अधिक कडक करावी.

दुसरा सापळा रकान्यांच्या आकाराचा. विल्यम कॉक्रन यांनी १९५४ मध्ये घालून दिलेल्या व्यवहारी नियमाप्रमाणे पाचपेक्षा कमी अपेक्षित वारंवारता असलेले रकाने एकपंचमांशाहून अधिक नसावेत आणि एकाहून कमी तर कुठेच नसावी. आपल्या उदाहरणातील २०० जण आठ तालुक्यांत सारखे वाटले, तर प्रत्येक तालुक्याच्या वाट्याला २५ येतात आणि ‘अनिश्चित’ या रकान्यात अपेक्षित संख्या अडीचच्याही खाली जाते. तेथे काय-वर्गाचा तक्ता भरवशाचा राहत नाही. फिशर यांची नेमकी कसोटी वापरावी लागते किंवा तालुके एकत्र करावे लागतात. गुप्ततेच्या दृष्टीनेही हेच सोयीचे आहे. सालेकसा तालुक्यातील आरोग्यसेविकांच्या ओळीत ‘अनिश्चित’खाली १ असा आकडा छापला, तर ती एक कोण, हे तालुक्याच्या ठिकाणी दुपारच्या चहापर्यंत सर्वांना कळलेले असते. सालेकसा आणि देवरी यांची ओळ एक केली की रकान्यातील आकडा वाढतो आणि तिचे मतही तिच्यापाशीच राहते.